एसीचा कॉम्प्रेसर आणि उसाच्या फडातली हवा

गळीत हंगाम सुरू झाला की कराडच्या आसपासच्या रस्त्यांवर ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या दिवसरात्र चालू असतात, आणि त्यांची चाकं पंक्चर होतात तीही दिवसरात्र. उसाने गच्च भरलेली ट्रॉली पंक्चरच्या दुकानापर्यंत ओढून नेता येत नाही, दुकानालाच तिच्याकडे जावं लागतं. आमच्या भागातले एक मामा हा फिरता धंदा करतात. जुनी महिंद्राची डिझेल जीप, तिच्यात जॅक, टाम्या, पॅच, सोल्युशन आणि ट्यूबांची चळत. मुकादमाचा फोन आला की रात्री दोन वाजतासुद्धा ते फडावर हजर होतात.

पंक्चर काढणं हा मामांच्या हातचा मळ. काम अडायचं हवेपाशी. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा बारा व्होल्टचा पंप मोटारीच्या चाकाला ठीक, ट्रॉलीच्या चाकापुढे तो तापून बंद पडतो. वेगळ्या इंजिनाचा कॉम्प्रेसर जीपमध्ये चढवला तर अर्धी जागा तोच अडवतो, शिवाय त्याचं इंधन वेगळं आणि रोजचा दोरी ओढायचा त्रास वेगळा. माझा धंदा गाड्यांचे एसी दुरुस्त करण्याचा. मामा एकदा गॅरेजवर आले, कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, “मिस्त्री, हे एसीचे कॉम्प्रेसर नुसते पडल्यात. यातला एक इंजिनावर बसवून हवा मारता येईल का?”

येते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जीपवाले हे कित्येक वर्षं करत आले आहेत. खडकातून किंवा वाळूतून गाडी काढायची तर ते टायरची हवा बारा-पंधरा पौंडांपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, जमिनीवरची पकड वाढते. पण डांबरी रस्त्याला लागायच्या आत ती हवा परत भरावी लागते, नाहीतर टायर तापून फाटतो. जवळपास पंप नसतो, म्हणून त्यांनी हवेची सोय गाडीतच करून घेतली. फडावरची गरज वेगळी असली तरी यंत्र तेच.

पण ‘येते’ एवढं सांगून गिऱ्हाइकाला सोडलं तर त्याचं नुकसान होतं. असे घरच्या घरी बसवलेले आणि महिन्या-दोन महिन्यांत जाम होऊन बसलेले कॉम्प्रेसर माझ्याकडे उघडायला येतात. आत बघितलं की गोष्ट कळते. पिस्टन घासलेले असतात, बेअरिंग निळं पडलेलं असतं, आणि तेलाचा टिपूस नसतो. बसवणाऱ्याने नळ्या जोडलेल्या असतात उत्तम. पण एसीच्या गॅसच्या जागी हवा घातल्यावर गॅस गुपचूप करत होता ती कामं कोण करणार, हा प्रश्न त्याला पडलेलाच नसतो. सगळी गोम त्या प्रश्नात आहे.

आधी हवा किती लागते ते बघू. बऱ्याच ट्रॉल्यांना ट्रकचा नऊशे-वीसचा टायर असतो. त्याच्या पोटात साधारण १२० लिटर जागा. ८० पौंड दाब म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जवळजवळ साडेपाच पट जास्त. म्हणून पूर्ण उतरलेला टायर भरायला बाहेरची सुमारे ६५० लिटर हवा आत कोंबावी लागते. लायटरच्या सॉकेटमधून दहा-पंधरा अँपिअरच्या वर करंट घेता येत नाही, म्हणजे दीडशे वॉटच्या आसपास. तेवढ्या जोरावर चालणारा लहान पंप दाब नसताना मिनिटाला तीस-पस्तीस लिटर हवा देतो, आणि दाब चढेल तसा आणखी मंदावतो. अर्धा तास तरी गेलाच.

आता सँडेनचा ५०८ जातीचा कॉम्प्रेसर घ्या. बाहेरून एसी बसवलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हा सर्रास सापडतो. पाच पिस्टन, आणि एका फेऱ्यात मिळून १३८ घनसेंटिमीटर हवा खेचणार. मिनिटाला १५०० फेरे धरले तर कागदावर २०७ लिटर होतात. प्रत्यक्षात हवा आत येतानाच तापून विरळ होते, पत्त्यांमधून थोडी मागे गळते, पिस्टनच्या डोक्यावर थोडी उरते. तरीही मिनिटाला ११०-१२० लिटर हातात पडतात. ट्रॉलीचं चाक सहा-सात मिनिटांत उभं राहतं. मोटारीचं चाक पंधरा पौंडांवरून बत्तीसवर न्यायला अर्धं मिनिट पुरे. दीड-दोन अश्वशक्ती लागते ती पट्ट्यावरून इंजिन देतं, आणि जीपच्या इंजिनाला तेवढ्याने काही जाणवत नाही.

या कॉम्प्रेसरची रचना मला अजूनही आवडते. मधल्या दांड्यावर एक तिरपी चकती फिरते. तिला टेकलेली दुसरी चकती मात्र फिरत नाही. जेवणाचं ताट फरशीवर पडून खाली बसताना जसं कडेकडेने डुलतं, तशी ती डुलते. तिच्या कडेला पाच पिस्टन जोडलेले असतात. एक आत जात असताना समोरचा बाहेर येतो. पिस्टनच्या डोक्यावर पोलादाच्या पातळ पत्त्या असतात, त्याच झडपांचं काम करतात. पुढे पुली, आणि पुलीत विजेवर चालणारा क्लच. करंट दिला नाही तर पुली नुसती मोकळी फिरते, दिला की टक्क आवाज होऊन दांडा तिच्याबरोबर फिरू लागतो. हवा लागेल तेव्हाच कॉम्प्रेसर चालू करायची सोय कारखान्यानेच करून ठेवली आहे. भंगारातला एसी कॉम्प्रेसर गाडीवर हवा भरायला एवढा सोयीचा वाटतो तो या क्लचमुळे.

आता गॅस. एसीच्या बंद वाटेत आर-१३४ए नावाचा गॅस गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो थंड होऊन पातळ होतो, एका बारीक भोकातून सुटताना त्याचा दाब पडतो, डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि आतल्या हवेची उष्णता घेऊन कॉम्प्रेसरकडे परत येतो. ही वाट पूर्ण बंद आहे. बाहेरचं काही आत येत नाही, आतलं काही बाहेर जात नाही. कॉम्प्रेसर बनवणाऱ्याने हे गृहीत धरूनच तो बनवला. तेल, थंडावा आणि कोरडेपणा यांची वेगळी व्यवस्था त्याने ठेवली नाही, कारण गॅस ते सगळं सांभाळत होता.

सगळ्यात मोठा घोळ तेलाचा, म्हणून तो नीट सांगतो. तुमच्या गाडीच्या इंजिनाखाली तेलाचा चेंबर असतो, पंप ते तेल उचलून बेअरिंगवर सोडतो. सँडेनसारख्या कॉम्प्रेसरमध्ये असा पंप नाही. आत दीड-दोनशे मिली तेल असतं, ते गॅसमध्ये विरघळतं आणि धुक्यासारखं त्याच्याबरोबर अख्ख्या एसीभर फिरून परत येतं. येताना चकतीवर, पिस्टनवर, बेअरिंगवर बसत येतं. जाणारं आणि येणारं तेल सारखं असल्यामुळे गाडी मोडीत निघेपर्यंत वर तेल घालायची वेळ बहुधा येत नाही. आता याच कॉम्प्रेसरने बाहेरची हवा खेचून टायरात ढकलायला सुरुवात केली, की तेल जाणार ते टायरात. परत येणार काहीच नाही. बरं, टायरात गेलेलं तेल रबराला चांगलं नाही. म्हणजे एका बाजूला कॉम्प्रेसर कोरडा पडून मरतो आणि दुसऱ्या बाजूला ट्यूब आतून मऊ पडते.

अमेरिकेतल्या हौशी लोकांनी यावर जो कॉम्प्रेसर पसंत केला तो यॉर्कचा. पेनसिल्व्हेनियात यॉर्क नावाचं गाव आहे, तिथली ही कंपनी. तिचे एसी कॉम्प्रेसर जीप, एएमसी, फोर्ड, व्होल्वो २४० अशा गाड्यांवर असायचे. दिसायला ओबडधोबड, वजनाला भारी आणि आवाज मोठा. पण आत उभे दोन सिलिंडर, क्रँक, आणि खाली स्वतःचा तेलाचा चेंबर. घरगुती हवा-कॉम्प्रेसरची जवळजवळ हीच रचना असते. त्यांचं २१० नंबरचं मॉडेल एका फेऱ्यात सुमारे १६९ घनसेंटिमीटर हवा देतं. तेल खालीच राहत असल्याने हवेसोबत थोडंच जातं. तिथल्या भंगारवाड्यात जीपवाले आजही यॉर्क शोधत हिंडतात ते याच कारणाने. आपल्याकडे तो सहजी मिळत नाही. इथे कुर्ल्याच्या बाजारात जा की पुण्याच्या जुन्या बाजारात, हाती येतो तो सँडेनच्या किंवा डेन्सोच्या रचनेचा, म्हणजे परत येणाऱ्या तेलावर जगणारा.

मग करायचं काय? एक उपाय म्हणजे जुनं तेल काढून, कॉम्प्रेसरच्या अंगावरच्या बूचमधून आत ग्रीस भरायचं. ग्रीस हवेबरोबर उडून जात नाही, आणि ज्याला महिन्यातून एकदा चार चाकं भरायची आहेत त्याचं त्यावर भागतं. मामांसारख्या माणसाला ते चालणार नाही. सलग दहा मिनिटं चालून तापल्यावर ग्रीस पातळ होतं, एका बाजूला ढकललं जातं, आणि नंतर ते परत पिस्टनपर्यंत पोचवणारं आत कोणी नसतं. रोज राबणाऱ्या कॉम्प्रेसरला मी ग्रीस भरत नाही.

मी तेलाची वाट पुन्हा बंद करतो. हवा आत येण्याच्या नळीवर कारखान्यात वापरतात तसा लुब्रिकेटर बसवायचा. त्याला पारदर्शक वाटी असते, तेलाचे थेंब पडताना डोळ्यांनी दिसतात आणि सुईने ते कमी-जास्त करता येतात. हवा दाबून बाहेर पडली की पुढे तेल वेगळं करणारा फिल्टर. त्याच्या आतल्या जाळीवर तेलाचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाला साचतात. आता फिल्टरच्या तळाशी दाब आहे आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तो नाही. म्हणून तळापासून तोंडापर्यंत केशवाहिनीसारखी बारीक नळी टाकली आणि मध्ये सुईचा व्हॉल्व्ह ठेवला, की साचलेलं तेल आपल्या दाबानेच परत जातं. थोडी हवाही त्या वाटेने मागे जाते, तेवढी तूट सोसायची. लुब्रिकेटर मग फक्त चुकार गेलेल्या तेलाची भरपाई करत राहतो.

तेलही बदलावं लागतं. आर-१३४ए साठी जे पीएजी जातीचं तेल वापरतात ते पाणी फार ओढतं. त्याचा डबा उघडा ठेवला तरी ते हवेतली ओल पिऊन खराब होतं, आणि आपण तर ओली हवाच आत सोडणार. म्हणून कॉम्प्रेसर उलटा-सुलटा करून जुनं तेल पूर्ण निथळायचं, आत नवं तेल घालून हाताने दांडा फिरवून ते परत काढायचं, मग हवा-कॉम्प्रेसरचं साधं खनिज तेल भरायचं. आयएसओ १०० ग्रेड मला ठीक वाटतं.

उष्णतेची गोष्ट ऐकली की बरेच जण चकित होतात. लोक म्हणतात, एसीत हा कॉम्प्रेसर दोनशे पौंडांपर्यंत दाब देतो, आपल्याला तर शंभरच हवेत, मग त्याला काम हलकंच की. हिशेब उलटा आहे. एसीत गॅस परत येतो तो तीसेक पौंड दाबाने, बाहेरच्या हवेचा दाब मिळवला तर ४५. बाहेर जातो २१५ ने. म्हणजे पाचपटीच्या आतच. हवा मात्र आत येते ती नुसत्या १५ ने आणि शंभर पौंडांच्या टाकीत जाते ११५ ने, जवळजवळ आठपट. किती तापायचं ते या पटीवर ठरतं. त्यात हवेचा स्वभावच असा, की तेवढंच दाबलं तरी ती एसीच्या गॅसपेक्षा कितीतरी जास्त तापते. सायकलच्या पंपाचं नळकांडं चार दट्टे मारल्यावर चटका देतं, ते सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. शिवाय एसीचा गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरताना थंड असतो, तोच कॉम्प्रेसरला आतून गार ठेवतो. बोनेटखालची हवा साठ-सत्तर अंशांची. बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान शंभर अंशांच्या सहज पुढे जातं.

म्हणून पहिली दोन-तीन हात नळी तांब्याची नाहीतर पोलादी जाळी विणलेली टेफ्लॉनची असावी लागते. रबरी होज तिथे लावला की थोड्या दिवसांत कडक होऊन फुटतो. ही नळी शक्य तेवढी लांब आणि रेडिएटरच्या वाऱ्यात ठेवायची, हवा टाकीपर्यंत जाईतो निवते. दुसरी गोष्ट प्राणवायूची. एसीच्या वाटेत प्राणवायू नव्हता, आता तापलेलं तेल आणि प्राणवायू एकाच नळीत आहेत. तेल जळून काळा कार्बन धरतो आणि वाट अरुंद करतो, वाट अरुंद झाली की उष्णता आणखी वाढते. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये या कार्बनने आतून पेट घेतल्याच्या घटना घडतात. जीपवर एवढी वेळ येऊ नये म्हणून मी मामांना सांगून ठेवलंय, एका दमात दहा मिनिटांच्या वर चालवायचा नाही. एक चाक भरून होतं, दुसऱ्याचा पॅच लागेपर्यंत तो निवतो. धंद्याचा वेग आणि यंत्राचा वेग इथे नीट जुळतात.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात तीस अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे वीस-पंचवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा आठपट दाबून निवू दिली की त्यातलं बहुतेक पाणी टाकीच्या तळाला साचतं. हजार लिटर हवेमागे चार छोटे चमचे पाणी, असा अंदाज धरायला हरकत नाही. हंगाम हिवाळ्यात असतो, हवा कोरडी असते, म्हणून प्रमाण कमी. तरी टाकीच्या तळाला ड्रेन कॉक पाहिजेच आणि तो रोज उघडलाच पाहिजे. नाही उघडला तर टाकी आतून गंजत जाते. बाहेरून रंग झकास दिसतो आणि पत्रा पातळ होत असतो.

टाकीच्या बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही. घरगुती गॅसचा जुना सिलिंडर कापून-जोडून टाकी करायची कल्पना घेऊन माणसं येतात. पीव्हीसी पाइपची टाकी करणारेही भेटलेत. पीव्हीसी दाबाखाली फुटला की त्याच्या धारदार कपच्या उडतात. आणि फुटण्यात जोर किती असतो बघा. वीस लिटरच्या टाकीत आठ बार दाबाची हवा असेल, तर तिच्यात एक टन वजन दीड-दोन मीटर वर उचलण्याइतकी शक्ती कोंडलेली असते. ती एका क्षणात मोकळी होते, आणि तेव्हा माणूस टाकीशेजारी बसून नोझल धरून असतो. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी याच दाबासाठी बनवलेली असते, स्पेअरपार्टच्या दुकानात नवी मिळते. मी तीच घ्यायला लावतो, वेल्डिंगची काडी तिला लागू देत नाही, आणि तिच्यावर स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर सोडत नाही. प्रेशर स्विच १०० पौंडांना क्लच सोडवतो. तो चिकटला तर सेफ्टी व्हॉल्व्हने आपणहून उघडायचं. एक बिघडलं तरी दुसरं उभं राहिलं पाहिजे.

चाकाबद्दलही एक सांगायचं राहील, म्हणून इथेच सांगतो. ट्रॉलीच्या बऱ्याच चाकांना लॉक रिंग असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर गोळीसारखी सुटते, आणि पंक्चरच्या दुकानात माणसं दगावतात ती बहुतेक यानेच. पूर्वी हवा सावकाश चढायची, आता मिनिटाला शंभर लिटर चढते, म्हणजे सावध व्हायला वेळ कमी. मामांच्या होजला मी लांब नळी आणि चिमट्याचं नोझल दिलं, निपलला लावून बाजूला उभं राहता यावं म्हणून. रिंगच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, पोरांना तर जवळ फिरकूच द्यायचं नाही.

बाकीचं काम कुठल्याही चांगल्या फिटरला जमण्यासारखं आहे. जाड पत्र्याचा ब्रॅकेट, पण तो इंजिनालाच बांधलेला हवा. चासीला बांधला तर इंजिन हललं की पट्टा उडतो. दोन्ही पुल्यांच्या खाचा एका रेषेत यायला हव्यात, त्यासाठी लेथवर थोडं वायसरचं काम निघतं. क्लच तीन-चार अँपिअर ओढतो, त्याला रिले आणि फ्यूज. टाकीकडून हवा उलटी कॉम्प्रेसरकडे येऊ नये म्हणून मध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हवा घ्यायच्या तोंडाला जनरेटरचा छोटा कागदी फिल्टर, बोनेटखाली सगळ्यात गार आणि उंच जागी, कारण फडावर पाचटाचा भुसा आणि धूळ उडत असते. हवा मारताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, आणि इंजिन हँड थ्रॉटलने बाराशे-पंधराशेवर.

ढिगातला प्रत्येक कॉम्प्रेसर या कामाचा नसतो. नव्या गाड्यांतले बरेचसे ‘व्हेरिएबल’ जातीचे असतात. परत येणाऱ्या गॅसचा दाब बघून ते पिस्टनची धाव कमी-जास्त करतात. हवेवर चालवले की आत येणारा दाब कायमच कमी, मग त्यांना वाटतं थंडावा भरपूर झालाय, आणि ते धाव आखडून बसतात. हवा काही येत नाही. काहींना तर क्लचच नसतो. हायब्रीड आणि विजेवरच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतात, त्यांना हातही लावू नये. मामांसाठी मी क्लचचा, कायम धावेचा, अंगावर तेलाचं बूच असलेला जुना ५०८ निवडला, त्याच्या पत्त्या आणि पुढचं सील बदललं.

आता ते कॉम्प्रेसर येतात कुठून, याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. भंगारात आलेल्या गाडीच्या एसीत बहुतेक वेळा गॅस शिल्लक असतो. कामगार नळीवर पाना लावतो, फुस्स करून गॅस उडतो, कॉम्प्रेसर मोकळा होतो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण आर-१३४ए चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोइतकी उष्णता धरून ठेवतो. एका मोटारीत अर्ध्या किलोच्या आसपास गॅस असतो. म्हणजे एका फुस्समध्ये सातशे किलो. यापूर्वीचा आर-१२ ओझोनचा थर खायचा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बंद होत गेला आणि त्याची जागा १३४ए ने घेतली. आता २०१६ च्या किगाली करारात त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय, भारतानेही २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. करार मोठ्या माणसांनी केले, पण गॅस सुटतो तो आमच्यासारख्यांच्या पान्याखाली. तो ओढून घ्यायचं मशीन माझ्याकडे आहे. गोळा केलेला गॅस गाळून, वाळवून पुन्हा वापरता येतो. टाकाऊतून टिकाऊ करायला निघालेल्या माणसाने पहिल्याच पायरीवर तो हवेत सोडला तर सगळ्या उद्योगाला काही अर्थ उरत नाही.

याच कारणाने चालू एसी काढून तिथे हवेचा कॉम्प्रेसर करून मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो. अशी मागणी येते, विशेषतः सह्याद्रीत गाड्या घेऊन फिरणाऱ्या तरुण मुलांकडून. त्यांना चार मोटारीची चाकं भरायची असतात, तीही महिन्यातून एखाद्या वेळी. त्यांना बॅटरीला थेट चिमटे लावायचा, दोन पिस्टनचा चांगला बारा व्होल्टचा पंप घ्या म्हणून सांगतो. चारही चाकं पंधरा-वीस मिनिटांत भरतात, गाडीची वॉरंटी शाबूत राहते आणि उन्हाळ्यात एसी चालू राहतो. ज्याच्या इंजिनावर दुसरा कॉम्प्रेसर बसायला जागा आहे आणि ज्याला रोज हवा लागते, त्याच्यासाठी हे काम आहे. फिरता पंक्चरवाला, शेतावर जाऊन ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, रस्त्याच्या कामावरच्या गाड्या सांभाळणारा, असा माणूस.

मामांची जीप आता हंगामात रोज राबते. लुब्रिकेटरची वाटी दर आठवड्याला भरतात, फिल्टर फुंकून घेतात, रात्री टाकीचं पाणी सोडतात. होजचं दुसरं टोक लावून ते ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळीही साफ करून देऊ लागले आहेत. हे माझ्या डोक्यात नव्हतं, त्यांचं त्यांनीच काढलं. त्यांचं बघून टेंभूकडचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक तसंच करून मागतोय. त्याच्या टेम्पोच्या इंजिनापुढे जागा फार कमी आहे, म्हणून ब्रॅकेट खालच्या अंगाने घ्यावा लागेल. या कॉम्प्रेसरला आडवं-तिरपं बसवलेलं चालतं, पण तेलाचं बूच वर हवं. सध्या पुठ्ठ्याचा नमुना कापून माप धरतोय.